यंत्राची पाळी : तंजावरच्या भातशेतीतील लहान आणि मोठे शेतकरी



शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. लहान शेतकरी यंत्र स्वीकारतो की नाही? या प्रश्नामागे एक समजूत असते. मोठ्या शेतकऱ्याजवळ जमीन, भांडवल आणि पत असल्यामुळे तो यंत्र आधी घेतो आणि लहान शेतकरी त्याचे पाहून, उशिराने व अपुऱ्या प्रमाणात, त्याच वाटेने जातो, अशी ती समजूत आहे. गावातील ट्रॅक्टर मोजावेत, त्यांच्या मालकांची जमीन मोजावी आणि निष्कर्ष काढावा, ही त्यातून निघालेली अभ्यासाची रीत. आज ज्या प्रदेशाच्या आधारे मी बोलणार आहे त्या तंजावरच्या कावेरी खोऱ्यात ही रीत अपुरी पडते. तेथे एखादा एकर खंडाने करणाऱ्याचे भातही आता बहुधा यंत्रानेच कापले जाते; पण त्याच्या दारात यंत्र नसते. तेव्हा मालक कोण, हे विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न उरतात. यंत्र आधी कोणाच्या शेतात उतरते? आणि ज्याला शेतच नाही, त्याच्या पदरात यंत्राने काय टाकले? माझ्या मते यांत्रिकीकरणाची खरी परीक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊ. कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक शाखांत विभागते आणि या शाखांच्या गाळावर तंजावरची सपाट भूमी पसरलेली आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी परंपरेने जोडलेला कल्लणै बंधारा या पाण्याच्या वाटणीचे मुख आहे. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि त्यानंतर दरवर्षी १२ जून रोजी धरणाचे दरवाजे उघडावयाचे, असा प्रघात पडला. येथील शेतकऱ्याचे पंचांग या तारखेपासून सुरू होते. जूनमध्ये लावलेले अल्प मुदतीचे भातपीक म्हणजे कुरुवै. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येते. त्याच खाचरात लगेच लावलेले दुसरे पीक म्हणजे ताळडी. जेथे एकच पीक घ्यावयाचे तेथे दीर्घ मुदतीचा सांबा ऑगस्टच्या सुमारास लावतात आणि पोंगलच्या आसपास कापतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने. म्हणजे कुरुवैची कापणी आणि ताळडीची लावणी ही दोन्ही कामे नेमकी आभाळ भरून आलेले असताना करावी लागतात. ओले भात कापावयाचे, ते वाळवावयाचे, शेत पुन्हा चिखलून तयार करावयाचे आणि रोपे जून होण्यापूर्वी लावावयाची. यासाठी हाताशी जेमतेम काही आठवडे असतात. तंजावरमध्ये यंत्राला मागणी का आली, याचे पहिले उत्तर या थोड्या आठवड्यांत आहे.

दुसरे उत्तर जमिनीच्या वाटणीत शोधावे लागते. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते, हे सर्वश्रुत आहे. 'मिरासदार' हा शब्द महाराष्ट्राप्रमाणे तेथेही जमिनीवरील वंशपरंपरागत हक्काचा वाचक झाला आणि इंग्रजी अमलातही टिकला. मिरासदार, त्याच्या हाताखाली वाट्याने अथवा खंडाने जमीन करणारी कुळे आणि सर्वांत तळाशी पण्णैयाळ, म्हणजे धन्याच्या शेताशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला मजूर, अशी ही उतरंड होती. हे मजूर बहुसंख्येने दलित होते. जमीन मोजण्याची जुनी परिमाणे होती वेली आणि मा. एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर आणि एका वेलीचे वीस मा. १९५२ च्या तंजावर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने लहान जमीनमालकांना वगळताना वेलीचेच माप धरले होते. पुढे १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेवर ३० प्रमाण एकरांची मर्यादा आली आणि १९७० मध्ये ती १५ वर आणण्यात आली. वारसांच्या वाटण्यांनी उरलेले काम केले. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार तमिळनाडूतील सरासरी धारणक्षेत्र ०.७५ हेक्टर होते; देशाची सरासरी १.०८ हेक्टर होती. याचा अर्थ असा की ज्याला आज तंजावरमध्ये 'मोठा शेतकरी' म्हणतात तो पंजाबच्या मापाने मध्यमही ठरणार नाही. अशा तुकड्यांच्या भूमीवर लाखो रुपयांचे यंत्र एकट्याने घेऊन वापरणे परवडणारे नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

यंत्राचा प्रवेश कसा झाला, ते आता पाहू. १९६० च्या सुमारास केंद्र सरकारने सघन कृषी जिल्हा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी प्रथम निवडलेल्या सात जिल्ह्यांत लुधियाना, अलीगढ, रायपूर यांच्या बरोबरीने तंजावर होते. बी, खत, कर्ज आणि सल्ला ही सर्व एकत्र मिळावीत, असा या कार्यक्रमाचा हेतू होता. १९६५ च्या सुमारास आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राचे ए. डी. टी. २७ हे वाण कुरुवैसाठी वेगाने पसरले. वाण लवकर तयार होणारे होते. त्यामुळे दुसऱ्या पिकाची आशा वाढली आणि दोन पिकांमधील घाईही वाढली. त्याच काळात देशात ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू झाले होते. मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. तंजावरच्या मोठ्या जमीनदारांनी ट्रॅक्टर घेतले आणि भाताच्या चिखलात रुतू नयेत म्हणून त्यांना लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाके लावली. बैलजोडीला ज्या चिखलणीसाठी कित्येक दिवस लागत, ती काही तासांत होऊ लागली.

या टप्प्यावर एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. ट्रॅक्टर आला तेव्हा तंजावरमध्ये मजुरांची टंचाई नव्हती. उलट, भूमिहीनांची संख्या मोठी होती आणि वर्षातील कित्येक महिने त्यांना काम मिळत नसे. ट्रॅक्टराने बैल आणि नांगऱ्या यांची जागा घेतली. एकरी उत्पन्न त्यामुळे आपोआप वाढले असे म्हणता येत नाही. दक्षिण आशियातील ट्रॅक्टरांविषयीच्या अनेक अभ्यासांचा परामर्श हान्स बिन्सवांगर यांनी १९७८ मध्ये घेतला आणि त्यांचा निष्कर्ष असाच होता: ट्रॅक्टर प्रामुख्याने बैलांचे व माणसांचे श्रम वाचवतो, पिकाची वाढ त्याच्या एकट्याच्या बळावर होत नाही. तंजावरच्या दोन पिकांना आधार पाण्याचा होता. ट्रॅक्टराने त्या पाण्याचा उपयोग वेळेवर करून घेण्यास साहाय्य केले, इतकेच.

याच काळात पाठीमागच्या दाराने दुसरे एक यंत्र आले, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. ते यंत्र म्हणजे पाण्याचा पंप. त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या भागात थोड्या खोलीवर भूजल लागते. ज्याने विंधणनळी बसवली त्याला कालव्याचे पाणी येण्याची वाट न पाहता रोपे टाकता येऊ लागली. कालवा वाहू लागला की त्याची रोपे लावणीस तयार. शेजाऱ्याची अजून उगवलेलीही नसत. पंप गावभर फिरवून भाड्याने देता येत नाही. त्याचे पाणी फार तर लगतच्या खाचरांना विकता येते. म्हणून या एका यंत्राच्या बाबतीत मालकीला फार महत्त्व आले आणि लहान व मोठा यांच्यातील अंतर येथे खरोखरच वाढले. पुढे शेतीपंपांची वीज मोफत झाली, तरी ज्याच्याकडे पंपच नाही त्याला त्या सवलतीचा काय उपयोग? धरणाच्या तारखा बेभरवशाच्या झाल्यानंतर हे अंतर अधिकच जाणवू लागले. २०१७ मध्ये मेट्टूरचे दरवाजे २ ऑक्टोबरला उघडले; २०२० मध्ये ते कित्येक वर्षांनी पुन्हा १२ जूनला उघडले; २०२२ मध्ये २४ मे रोजी आणि २०२४ मध्ये २८ जुलै रोजी. ज्या वर्षी पाणी उशिरा येते त्या वर्षी कुरुवैचे पीक बव्हंशी पंपवाल्याचे पीक होते.

मजुरीचा प्रश्न आता टाळता येणार नाही. कापणीची मजुरी तंजावरमध्ये धान्यात दिली जाई आणि खळ्यावर मोजली जाई. म्हणून खळे हे येथे संघर्षाचेही स्थान होते. पूर्व तंजावरमध्ये डाव्या पक्षांच्या नेतृत्वाखाली मजूर संघटित झाले होते. मजुरीत थोड्या धान्याची वाढ मिळावी, अशी त्यांची मागणी होती. जमीनदारांनी आपली संघटना उभारली आणि बाहेरगावचे मजूर आणण्यास प्रारंभ केला. या तंट्याची परिणती २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेणमणी येथे झाली. एका झोपडीत आश्रयाला गेलेली ४४ दलित माणसे जाळून मारण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यानंतर शासनाने गणपतिया पिळ्ळै आयोग नेमला आणि १९६९ मध्ये शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा झाला. हा इतिहास मी यंत्रांच्या चर्चेत आणतो, कारण तंजावरच्या मजुराने यंत्राकडे संशयाने का पाहिले, हे त्यावाचून कळत नाही. ज्याला मूठभर अधिक धान्य मागण्याची एवढी किंमत मोजावी लागली, त्याला धन्याच्या अंगणात उभे राहिलेले यंत्र हे मजुरीच्या वाटाघाटीतील धन्याचे शस्त्र वाटले, तर त्यात नवल नाही.

तरीही कापणी पुढे काही दशके विळ्यानेच होत राहिली. कापणी आणि मळणी एकाच फेरीत करणारे यंत्र त्रिभुज प्रदेशात सर्वत्र पसरले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. या वेळी परिस्थिती बदललेली होती. तरुण माणसे तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांत, चेन्नईच्या बांधकामांवर आणि समुद्रापलीकडे जाऊ लागली होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने गावातच दुसरे काम मिळण्याची सोय केली. ज्या शाळेत दलित मजुराचा मुलगा शिकला, तेथून परत येऊन त्याने धन्याच्या बांधावर वाकून उभे राहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये आणि त्याने ती पुरीही केली नाही. म्हणून 'यंत्रामुळे मजूर गेले की मजूर गेल्यामुळे यंत्र आले?' या वादाला एकच उत्तर नाही. नांगरणीच्या बाबतीत यंत्र आले आणि माणसे बाजूला झाली. कापणीच्या बाबतीत माणसे कमी होऊ लागली, तेव्हा यंत्र आले; मग त्याने उरलेल्यांचेही काम घेतले. लावणीच्या बाबतीत यंत्र आलेले आहे, परंतु पुष्कळ ठिकाणी स्त्रियांच्या टोळ्याच अजून रोपे लावतात आणि काही शेतकरी लावणी सोडून थेट पेरणीकडे वळले आहेत. प्रत्येक कामाचा इतिहास निराळा आहे.

कापणी-मळणी यंत्र लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचले ते भाड्याच्या वाटेने. हंगामात सेलम, नामक्कल या बाजूंनी आणि परराज्यांतूनही यंत्रे त्रिभुज प्रदेशात येतात व तासावर भाडे घेतात. कापणे, भारे वाहणे आणि झोडणे मिळून पंधरा-वीस माणसांना जे काम दिवसभर पुरे, ते यंत्र तास-दीड तासात उरकते. तमिळनाडूचा कृषी अभियांत्रिकी विभागही ठरावीक दराने यंत्रे देतो. केंद्राच्या २०१४-१५ मधील योजनेपासून अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना अनुदान मिळू लागले. या व्यवस्थेने एक मोठी गोष्ट साधली. यंत्राचा आकार आणि शेताचा आकार यांचा संबंध तिने तोडला. तीन मा जमीन करणाऱ्यालाही तीन मांपुरते यंत्र विकत घेता येऊ लागले. लहान शेतकरी यंत्र स्वीकारीत नाही, हे विधान यापुढे करू नये.

मग विषमता कोठे गेली? ती रांगेत जाऊन उभी राहिली. पाणी एकाच वेळी येते, म्हणून लावणी एकाच वेळी होते. म्हणून पीकही सर्वांचे एकाच वेळी पिकते. सरकारी यंत्रे थोडी आणि मागणारे अनेक. पाऊस तोंडावर असताना खाजगी भाडे चढते आणि दलालाचे महत्त्व वाढते. जिल्हाधिकाऱ्यांना शेतकरी व यंत्रमालक यांच्या बैठका घेऊन दर ठरवावे लागतात. यंत्रमालकाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. दहा एकर एकसलग कापावयाचे असेल तर त्याचा तास वाया जात नाही. तुकड्यातुकड्यांत वळावे लागले तर इंधन जळते आणि दिवस जातो. म्हणून तो मोठ्या शेताकडे आधी जातो. त्यात कोणाचा कट नसतो, हिशेब असतो. त्यातच लहान खाचर पुष्कळदा रस्त्यापासून आत असते. तेथे पोहोचावयाचे तर यंत्राला शेजाऱ्याच्या शेतातून जावे लागते आणि शेजाऱ्याचे भात उभे असेल तोवर वाट बंद. शेवटी त्याची पाळी येते तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो, पीक आडवे झालेले असते, आणि चाकांचे यंत्र चिखलात चालत नाही म्हणून पट्ट्यावर चालणारे, अधिक भाड्याचे यंत्र बोलवावे लागते. ज्याची पाळी उशिरा त्याचा तास महाग आणि त्या तासात मिळणारे भात कमी. मोठ्या आणि लहान शेतकऱ्यांत आज जो भेद आहे, त्याचे स्वरूप हे असे आहे.

ही रांग खळ्याशी संपत नाही. विळ्याने कापलेले भात शेतात व खळ्यावर काही दिवस सुकत असे. यंत्राने कापलेले भात ओलसरच पोत्यात पडते. शासकीय खरेदी केंद्रावर साधारणतः १७ टक्के ओलावा चालतो. पावसाळी हंगामात ही मर्यादा शिथिल करावी म्हणून राज्याला केंद्राकडे वारंवार मागणी करावी लागली आहे. पूर्वी कापणी आठवड्यांवर पसरलेली असे, म्हणून धान्यही टप्प्याटप्प्याने येई. आता गावाचे भात चार दिवसांत कापले जाते आणि केंद्रासमोर ढीग पडतात. ज्याच्याकडे पक्के अंगण, ताडपत्री आणि थांबण्याची ऐपत आहे तो वाळवून विकतो. ज्याच्यावर सावकाराचा तगादा आहे तो रस्त्याच्या डांबरावर भात पसरतो किंवा व्यापारी देईल त्या भावाला देतो. पेंढ्याचीही तीच कथा. यंत्र पेंढा तोडून विखुरते. तो गोळा करण्यास दुसरे यंत्र लागते. बैल तर गेलेच होते, आता गरिबाच्या गाईचा चाराही विकत घ्यावा लागू लागला.

कुळांची अडचण आणखी निराळी. तंजावरमध्ये मंदिरांच्या व मठांच्या जमिनी विपुल आहेत आणि त्या करणारे पुष्कळ जण तोंडी कराराने करतात. कुळांच्या हक्कांची नोंद करण्यासाठी १९६९ मध्ये कायदा झाला. पण ज्याच्या नावाची नोंद नाही त्याला कर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई या तिन्हींच्या दारात कागद मागितला जातो. यंत्राचे भाडे मात्र त्याच्याकडून रोख घेतले जाते. जो प्रत्यक्ष शेती करतो त्याला सर्व खर्च, आणि ज्याचे नाव कागदावर त्याला सर्व सवलती, ही स्थिती यंत्राने निर्माण केली नाही. परंतु शेतीचा रोख खर्च वाढवून तिने होणारी इजा मात्र वाढवली.

आणि ज्याला शेतच नाही, तो? कापणी हे भूमिहीन कुटुंबाचे वर्षाच्या अन्नाचे काम होते. खळ्यावर मिळालेले धान्य घरात येई आणि पावसाळ्याच्या कडक दिवसांत चूल पेटती ठेवी. ते धान्य आता येत नाही. पुरुषांना कोठे ना कोठे दुसरे काम मिळाले. वयस्क स्त्रियांना ते मिळाले नाही. लावणी व बेणणी त्यांच्या हाती राहिली आहे, आणि लावणीवरही यंत्राचे सावट आहे. पाठीचा कणा मोडणारे ते काम कायम राहावे, असे मी म्हणणार नाही. चिखलात दिवसभर वाकून उभे राहण्यात कोणताही गौरव नाही. परंतु कष्ट जावेत आणि त्यांबरोबर भाकरीही जावी, हा सौदा कोणी त्यांना विचारून केलेला नाही.

मग करावयाचे काय? यंत्र परत पाठवावे, असे सुचवणे पोरकटपणाचे होईल. जे कार्य शक्य आहे ते या मूळ प्रश्नापासून सुरू होते की यंत्राचा तास कोणाला, केव्हा आणि कोणत्या दराने मिळावा. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवण्याची सवय या प्रदेशाला शतकानुशतके आहे. वरच्या शेताने किती वेळ घ्यावा आणि खालच्याला केव्हा सोडावे, याचे नियम गावांनी केले आणि भांडत-तंडत का होईना, पाळले. यंत्राची पाळीही तशीच ठरू शकते. एका पाटावरील लहान शेतकऱ्यांनी एकाच मुदतीचे वाण एकाच आठवड्यात लावले आणि आपली खाचरे एक शेत म्हणून यंत्रमालकापुढे मांडली, तर दहा एकरांच्या मालकाला मिळणारी पाळी व दर त्यांनाही मिळू शकेल. जमीन एकत्र करण्याची त्यासाठी आवश्यकता नाही. वेळ एकत्र केला तरी पुरे. सरकारी यंत्रांची नोंद गावाच्या फलकावर उघड लावावी आणि आतल्या खाचरांना त्यात अग्रक्रम असावा. खरेदी केंद्राजवळ भात वाळवण्याची सोय ही कापणीच्या यंत्राइतकीच आवश्यक समजावी. अनुदान देताना जमिनीचा उतारा हाच एकमेव दाखला धरू नये. भूमिहीन कुटुंबांतील तरुणांना आणि स्त्रियांच्या गटांना यंत्र चालवण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि मालकीने ठेवण्याचे साहाय्य मिळाले, तर ज्या यंत्राने त्यांचे काम घेतले त्याच्या मिळकतीत त्यांचा वाटा राहील.

हरित क्रांतीच्या विचाराशी ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. एम. एस. स्वामिनाथन याच भूमीतले; १९२५ मध्ये कुंभकोणम् येथे त्यांचा जन्म झाला. पुढे बियाणे आणि खत यांच्या पलीकडे जाऊन लहान शेतकऱ्याच्या मिळकतीचा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. तंजावरमध्ये त्याच विचाराचे पुढचे पाऊल यंत्रांच्या बाबतीत टाकावयाचे आहे. जिल्ह्यात यंत्रे किती आली याचे आकडे आपण दरवर्षी छापतो. ज्या वर्षी आतल्या खाचरातले भात पावसापूर्वी कापले गेले की नाही, आणि ते कापले जात असताना बांधावर उभ्या असलेल्या मजूर स्त्रीच्या घरी त्यातले काय पोहोचले, याची नोंद आपण ठेवू लागू, त्या वर्षी यांत्रिकीकरणाचा हिशेब खऱ्या अर्थाने मांडावयास आरंभ झाला, असे मी समजेन.